प्रकाशाची सुई

आम्ही पडलो कामगार संघटनेची माणसे. शाळा लवकर सुटली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकावर आणि सार्वजनिक वाचनालयात झाले. हिंजवडीपासून चाकणपर्यंतच्या शेडमध्ये लेसरने लोखंडी पत्रा कापताना आम्ही पुष्कळदा पाहिला आहे. तोच प्रकाश जिवंत पेशीला न मारता तिच्यात दार उघडतो, हे वाचले तेव्हा आमचा विश्वास बसेना.

वनस्पतीच्या पेशीला पातळ पटल असते आणि त्याबाहेर सेल्युलोजची भिंत. शिवाय आत पाण्याचा दाब, तो मोटारीच्या चाकातील हवेहूनही अधिक. मग बाहेरचा मोठा रेणू आत जावा कसा? जमिनीतील एका जिवाणूकरवी जनुक पाठवणे, किंवा सोन्याच्या बारीक कणांना ते चिकटवून छर्‍यांसारखे मारणे, हे जुने मार्ग.

लेसरचा मार्ग निराळा. सेकंदाचे दहा लाख अब्ज भाग करा. त्यातील शंभर-दोनशे भागच प्रकाशाचा एक ठोका टिकतो. तेवढ्यात उष्णतेला पसरायला सवड नसते. किरण एकवटतो तेथेच सूक्ष्म छिद्र पडते, रेणू आत जातो आणि पटल आपले आपण सांधते. आतल्या दाबावरही तोड आहे : भोवतालचा द्रव दाट करायचा. मीठ लावलेली कैरीची फोड पाणी सोडते, तसेच पेशीचे होते आणि दाब उतरतो. स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या संशोधकांनी तंबाखूच्या अखंड पेशींवरील असे प्रयोग २०१३ साली प्रसिद्ध केले.

मात्र एकेका पेशीवर नेम धरावा लागतो आणि यंत्रही महाग. म्हणून हे काम अजून प्रयोगशाळेतले आहे.

उद्या अशा पेशीतून उसाचे नवे बेणे निघाले, तर ते कोणाचे? हा प्रश्न आम्हाला परका नाही. हिंजवडीच्या पुष्कळ शेतांवर आता संगणकाच्या इमारती उभ्या आहेत. पण जवळच कासारसाईला संत तुकाराम साखर कारखाना आहे, म्हणजे ऊसही आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याने शेतकर्‍याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे; संरक्षित वाण छापाच्या नावाने मात्र विकता येत नाही. हा हक्क किती शेतकर्‍यांना ठाऊक आहे?

यंत्र कोणाचे, हे आम्ही आयुष्यभर विचारत आलो. पण यंत्र चालते कसे, हे ज्याला कळत नाही त्याचा प्रश्न मालक हसण्यावारी नेतो, हाही आमचा अनुभव आहे. म्हणूनच आज आधी यंत्र सांगितले आणि मग प्रश्न.