एक्सप्लेनर : ३५० चं इंजिन ३८३ कसं होतं? घरी ‘स्ट्रोकर’ बांधताना पैसे नेमके कुठे बुडतात?

बाहेरून इंजिन तेच, आतून मात्र मोठं. अमेरिकेतले गाडीवेडे घरच्या गॅरेजमध्ये हा उद्योग कित्येक दशकं करत आले आहेत. त्यातलं गाजलेलं उदाहरण म्हणजे शेव्हरलेचं ‘३८३ स्ट्रोकर’. यात पैसे बुडतात ते बहुधा क्रम चुकल्यामुळे. पार्ट आधी मागवले जातात आणि मोजमाप नंतर होतं.

स्ट्रोकर म्हणजे काय?

पिस्टन वर-खाली जेवढं अंतर कापतो, तो स्ट्रोक. हे अंतर क्रँकशाफ्ट ठरवतो. शेव्हरलेच्या ३५० क्युबिक इंच (५.७ लिटर) व्ही-८ इंजिनचा स्ट्रोक ८८.४ मिमी आहे. १९७० मध्ये आलेल्या त्याच घराण्यातल्या ४०० इंजिनचा स्ट्रोक ९५.२५ मिमी. ४०० चा क्रँक ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवला आणि सिलिंडर ०.७६ मिमीने मोठे बोअर केले, की ३८३ क्युबिक इंच, म्हणजे सुमारे ६.३ लिटरचं इंजिन तयार होतं.

अडचण एकच. ४०० च्या क्रँकचे मेन जर्नल ६७.३ मिमीचे, तर ३५० चे ६२.२ मिमीचे. त्यामुळे पूर्वी ते ग्राइंड करून बारीक करावे लागत. आता योग्य मापाचे तयार क्रँक मिळतात.

पिस्टन कुठला घ्यायचा?

इथे साधी बेरीज कामाला येते. अर्धा स्ट्रोक, रॉडची लांबी आणि पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंतची उंची यांची बेरीज ब्लॉकच्या उंचीत (२२९.२ मिमी) बसायला हवी.

- मूळ ३५० : ४४.२ + १४४.८ + ३९.६ = २२८.६ मिमी
- ३८३ : ४७.६ + १४४.८ + ३६.२ = २२८.६ मिमी

रॉड तोच ठेवला, तर पिस्टनची ही उंची ३.४ मिमीने कमी लागते. जुना पिस्टन तसाच वापरला, तर तो ब्लॉकच्या वर डोकावेल आणि हेडवर आदळेल.

कॉम्प्रेशन का वाढतं?

पिस्टन वर असताना त्याच्या माथ्यावर ८० सीसी जागा उरते असं धरू. ३५० च्या एका सिलिंडरचे ७१७ सीसी धरून कॉम्प्रेशन रेशो सुमारे १० येतो. ३८३ च्या ७८४ सीसीला तोच १०.८ होतो. साध्या पेट्रोलवर तेव्हा इंजिन ‘नॉक’ करू शकतं. म्हणूनच माथ्यावर खोलगट वाटी असलेले पिस्टन निवडले जातात.

मशीन शॉपमधला क्रम

१. ब्लॉक धुऊन तडे तपासणे. तडा निघाला, तर पुढचा खर्च वाया.

२. नवे पिस्टन हातात आल्यावरच बोअरिंग आणि होनिंग. प्रत्येक पिस्टन मोजून त्याप्रमाणे सिलिंडरचं माप धरायचं.

३. कच्ची जोडणी. क्रँक हाताने पूर्ण फिरवून रॉडचे बोल्ट ब्लॉकला किंवा कॅमशाफ्टला लागत नाहीत ना, हे पाहायचं. साधारण १.५ मिमी मोकळी जागा हवी. जिथे अडतं तिथे ब्लॉक थोडा घासायचा. जास्त घासला, तर पाण्याच्या जॅकेटला भोक पडू शकतं.

४. शेवटी बॅलन्सिंग. ४०० च्या मूळ क्रँकचं थोडं वजन बाहेर, डॅम्पर आणि फ्लायव्हीलवर असतं. तिथे ३५० चे भाग लावले, तर इंजिन थरथरतं आणि बेअरिंग लवकर खराब होतात.

भारतात असं करता येईल का?

रस्त्यावरच्या गाडीत मनाप्रमाणे नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीवरचा तपशील कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल करता येत नाही. आरसीवर इंजिनची सीसी लिहिलेली असते आणि स्ट्रोकरमध्ये नेमकी तीच बदलते.

थोडक्यात : आधी ब्लॉक तपासा, मग बेरीज करा, पार्ट त्यानंतर मागवा. चुकीचा पिस्टन बदलून मिळेल, पण जास्त बोअर झालेला सिलिंडर पुन्हा लहान होत नाही.