वॉशिंग्टन हाइट्स ते हेझल्टन

1960 साली अमेरिकेत डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये जन्मलेली माणसं होती जेमतेम 12 हजार. 2021 पर्यंत हे स्थलांतरित आणि त्यांची अमेरिकेत जन्मलेली पुढची पिढी मिळून आकडा 24 लाखांच्या घरात गेला. मूळ देशाची लोकसंख्याच सुमारे 1 कोटी 8 लाख, हे ध्यानात घेतलं की या स्थलांतराचा आवाका कळतो.

हुकूमशहा राफाएल त्रुहियोच्या राजवटीत सामान्य माणसाला पासपोर्ट मिळणं दुरापास्त होतं. 1961 मध्ये त्याची हत्या झाली. 1965 मध्ये यादवी पेटली आणि अमेरिकी फौजा सांतो दोमिंगोत उतरल्या. त्याच वर्षी अमेरिकेनं आपला इमिग्रेशन कायदा बदलून नातेवाइकांना बोलावून घेण्याची वाट रुंद केली. मग बहिणीनं भावाला आणलं, भावानं बायको-मुलांना.

ही कुटुंबं उतरली ती मुख्यतः न्यूयॉर्कमध्ये, मॅनहॅटनच्या उत्तर टोकाच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये. बायका कपड्यांच्या कारखान्यांत शिलाईला बसल्या, पुरुष हॉटेलांत आणि गोदामांत राबले. पण ते येत होते तेव्हाच शहरातले कारखाने एकेक करून बंद पडत होते. उरलेल्या वाटा म्हणजे टॅक्सी, वृद्धांची घरी जाऊन शुश्रूषा आणि 'बोडेगा', म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. कष्टाला कमतरता नव्हती, पगार मात्र तुटपुंजा. या समाजातलं दारिद्र्य आजही अमेरिकेच्या सरासरीपेक्षा जास्त आहे, त्याचं मूळ इथं आहे.

तरीही एका सरासरीत हा समाज मावत नाही. अमेरिकेत जन्मलेल्या डॉमिनिकनांमध्ये पदवीधरांचं प्रमाण स्थलांतरित पिढीपेक्षा बरंच जास्त आहे. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये 1992 पासून डॉमिनिकन अभ्यास संस्था चालते. 1991 मध्ये गिलेर्मो लिनारेस शहराच्या कौन्सिलवर निवडून आले. लहानपणी कुटुंबासोबत आलेले आद्रियानो एस्पायात 2016 मध्ये अमेरिकी काँग्रेसवर निवडून गेले. तिथं पोचलेले ते पहिले डॉमिनिकन अमेरिकन.

शिक्षणात पाऊल पुढे पडलं, घराच्या बाबतीत मात्र अडतं. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारी डॉमिनिकन कुटुंबं दहांत साधारण तीनच. बहुसंख्य लोक महागड्या शहरांत भाड्यानं राहतात, शिवाय मिळकतीतला वाटा मायदेशी जातो. डॉमिनिकन रिपब्लिकला परदेशातून येणारा पैसा 2021 पासून वर्षाला 10 अब्ज डॉलरच्या आसपास आहे. तिथलं घर, आजीचं औषध, भावंडांची फी यातून भागते.

भाडी वाढली तशी कुटुंबं आधी ब्रॉंक्सला आणि पुढे न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनियाकडे सरकली. पेनसिल्व्हेनियातलं हेझल्टन हे कोळशाच्या खाणींचं जुनं गाव. खाणी गेल्या, तरुण गेले, घरं स्वस्त झाली. 2000 मध्ये तिथं लॅटिनो लोक 5 टक्केही नव्हते. 2020 मध्ये ते 60 टक्क्यांवर गेले आणि त्यांत डॉमिनिकन सर्वाधिक. हा बदल सहज झाला नाही. कागदपत्रं नसलेल्यांना घर देणाऱ्या मालकांना दंड करणारा नियम नगरपालिकेनं 2006 मध्ये केला. न्यायालयानं तो रद्द ठरवला आणि 2013 मध्ये अपिलातही तोच निकाल कायम राहिला.

आज गावाभोवतालच्या गोदामांतल्या पाळ्या हीच माणसं चालवतात आणि शाळांतही बहुसंख्य मुलं लॅटिनो आहेत. या मुलांना पुरेसे शिक्षक आणि इंग्रजीसाठी आधार मिळाला, तर न्यूयॉर्कमध्ये दोन पिढ्यांत चढलेली शिडी त्यांनाही चढता येईल. त्यासाठीचा पैसा शाळांच्या अंदाजपत्रकातच ठेवावा लागेल.