माळाची जमीन पाणी कां धरीत नाहीं : एका दात्याच्या प्रश्नास उत्तर

गेल्या खेपेस वर्गणीसाठीं फिरत असतां रविवार पेठेंतील एका वयोवृद्ध व्यापारी गृहस्थांनीं पावती हातांत घेऊन आम्हांस एक प्रश्न केला. या गृहस्थांनीं समितीस रिकाम्या हातानें कधींही परत पाठविलेलें नाहीं, हें प्रथमच नमूद करणें अवश्य आहे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, १९७२ सालीं वडिलांनीं याच तालुक्यांकरितां पैसे दिले. २०१३ सालीं मीं दिले, २०१९ सालीं दिले, आणि आतां पुन्हां देत आहें. तालुके तेच, गांवें तींच. तेथील लोक आळशी आहेत, कीं तुमच्या समितीस हिशेब कळत नाहीं ?"

प्रश्न कडू खरा, पण गैरवाजवी नव्हे. ज्याचा पैसा जातो त्यास तो विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. त्या दिवशीं त्यांच्या ओटीवर उभ्याउभ्या मीं जें उत्तर दिलें तें माझें मलाच पटलें नाहीं. म्हणून अहवालाच्या या पानांत तें नीट मांडण्याचा यत्न करतों. या प्रकरणांतील मुख्य साक्षीदार माणूस नसून जमीन आहे. तिचीच जबानी प्रथम घेतली पाहिजे.

शिरूर, दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदर हे ते तालुके होत. २०२३ सालच्या ऑक्टोबर अखेरीस राज्य सरकारनें जे ४० तालुके दुष्काळी म्हणून जाहीर केले त्यांत हे पांचही होते. सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वरीं वर्षाकाठीं ५,५०० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पुण्यास सुमारें ७००, आणि पुढें बारामती-इंदापुराकडे तो ५०० च्या आगेमागें येऊन ठेपतो. इतकें बहुतेकांस ठाऊक असतें, व दुष्काळाचें सारें खापर पावसाच्या माथीं मारून आपण मोकळे होतों. परंतु एकाच पावसांत नदीकांठची काळी जमीन पिकते आणि कोसभर वरचा माळ करपतो, तेव्हां पाऊस हा एकटा आरोपी नव्हे हें उघड आहे.

आपला दख्खन ज्या काळ्या पाषाणावर बसला आहे तो सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून वाहून आलेल्या शिलारसाचे थर थिजून झालेला आहे. हा पाषाण ऊन, वारा व पाणी यांनीं हळूहळू कुजतो. प्रथम त्याचा मुरूम होतो, आणि मुरुमाची माती. उतारावर झालेली माती पाऊस तेथें राहूं देत नाहीं. तिचा बारीक व कसदार अंश तो ओढ्यांतून खालीं नेतो, आणि तोच नदीकांठीं सांचून आपली काळी जमीन बनते. वर शिल्लक राहतो तो जाडाभरडा, रेताड अंश. म्हणून माळावर कुदळ मारावी तों वीतभर भुरकट मातीखालीं मुरूम लागतो, आणि हात-दोन हातांवर कातळ खणखणतो. शेतकरी हिला बरड म्हणतात, व सात-बाराच्या उताऱ्यावर तिचा पुष्कळ भाग पोटखराबा म्हणून दाखल असतो.

व्यापाऱ्यांच्या भाषेंत सांगावयाचें तर, मातीच्या कणाकणांत जें पाणी अडून राहतें तेंच पिकाचें भांडवल. मीटरभर खोल काळी माती १५० ते २०० मिलिमीटर पावसाचें पाणी पिकासाठीं सांभाळून ठेवूं शकते. माळाची २५ सेंटिमीटर बरड फार तर ३० मिलिमीटरांच्या आसपास. भर वाढींतली बाजरी दिवसाला ४ ते ५ मिलिमीटर पाणी उचलते. म्हणजे पावसानें पाठ फिरविल्यापासून माळाची तिजोरी आठवड्यांत रिकामी होते, आणि काळी जमीन महिनाभर दुकान उघडें ठेवते. ऑगस्टांत दोन-तीन आठवड्यांची उघडीप ही आपल्याकडे नवलाई नव्हे. २०२३ सालचा ऑगस्ट तर १९०१ पासूनच्या नोंदींत संबंध देशाचा सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. पुढें सप्टेंबरांत एखाद्या रात्रीं ६० मिलिमीटर कोसळला, तरी हातावर चालणाऱ्या पेढीनें एवढी मोठी ठेव ठेवावी कोठें ? निम्मेंअधिक पाणी ओढ्यास जातें, आणि सरासरीच्या कोष्टकांत मात्र पाऊस ठीक झाल्याची नोंद पडते.

शिरूर तालुक्यांतील जातेगांव बुद्रुक या कोरडवाहू गांवाची पाहणी पुण्याच्या शेतकी कॉलेजचे एके काळचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरोल्ड मॅन व त्यांचे सहकारी कानिटकर यांनीं करून ती १९२१ सालीं छापली. तेथील बहुसंख्य कुटुंबें केवळ शेतीच्या उत्पन्नावर उभीं राहूं शकत नाहींत, असें त्यांस आढळलें. आळसाचा आरोप ज्यांस करावयाचा असेल त्यांनीं तें पुस्तक अवश्य चाळावें. त्या दाव्याचा निकाल शंभर वर्षांपूर्वींच लागलेला आहे.

विहीर खणतांना मातीच्या बुडाशीं पांढरे खडे लागतात, त्यांवरून आपल्याकडे खालीं चुनखडक आहे असा पुष्कळांचा समज होतो. तो बरोबर नाहीं. हे खडे म्हणजे काळ्या पाषाणांतूनच सुटलेला चुना होय. पाऊस थोडा असल्यामुळें तो वाहून न जातां वाटेंतच गोठतो. ज्या बागाइतदारांच्या मोसंबीवर केवडा पडून पानें पिवळीं होतात त्यांस हा पांढरा शेजारी चांगला परिचयाचा असेल.

मग असल्या जमिनीचा उपयोग तरी काय ? उपयोग आहे, व तो आपल्या पूर्वजांस कळत होता. पवन्या, शेडा, मारवेल हीं गवतें एकदां रुजलीं म्हणजे वर्षानुवर्षें टिकतात. त्यांचीं मुळें मुरुमाच्या फटींत शिरलेलीं असतात. पाणी संपलें म्हणजे वरचें पान वाळतें, पण बुडखा जिवंत राहतो आणि पहिल्या वळवासरशीं फुटतो. बाजरीस दर वर्षीं बियांपासून नवा संसार मांडावा लागतो, गवतास तो मांडावा लागत नाहीं. धनगरांचीं मेंढरें, शेतकऱ्यांचीं गुरें, आणि चिंकारा, लांडगा यांसारखीं वन्य जनावरें या भांडवलावरच जगत आलीं.

येथें मला स्वतःविरुद्ध साक्ष देणें प्राप्त आहे. वडिलोपार्जित ११ एकर माळ माझ्या वांट्यास आला, तेव्हां पडीक जमीन ठेवणें हें पाप, अशा समजुतीनें मीं तो ट्रॅक्टरनें खोल नांगरविला. पहिलीं दोन वर्षें बाजरी बरी आली, व मीं ती मित्रमंडळींत वांटलीही. तिसऱ्या वर्षीं पावसानें सुटी माती ओढ्यांत नेली आणि वर मुरूम उघडा पडला. आज त्या ११ एकरांत कुसळाखेरीज कांहीं उगवत नाहीं. शेजारच्या धनगरानें मला आधींच सांगितलें होतें, "दादासाहेब, माळाचं कातडं काढूं नका." मीं त्याची जबानी ग्राह्य धरली नाहीं.

अमेरिकेंतील कॅन्सस प्रांतांत फ्लिंट हिल्स म्हणून गवताळ टेकड्यांचा मुलूख आहे. तेथें पातळ मातीखालीं चुनखडक व गारगोटीचे थर आहेत. नांगराचा फाळ त्यांवर चालेना, म्हणून ती जमीन कुरणासच राहिली, आणि उंच गवताचीं जुनीं मैदानें आज मुख्यतः तेथेंच पाहावयास मिळतात. त्याच देशांत ज्या कोरड्या मैदानांवर नांगर चालला तेथें १९३० नंतरच्या अवर्षणांत माती वाऱ्यावर उडाली, हजारों कुटुंबें देशोधडीस लागलीं, आणि १९३५ सालीं मृदसंधारणाचा कायदा करावा लागला. फरक इतकाच कीं चुनखडक पाण्यांत विरतो, त्यांत वाटा पडतात व झरे फुटतात. आमचा काळा पाषाण तितका उदार नाहीं. त्याच्यांत पाणी राहतें तें केवळ भेगांत व वरच्या कुजलेल्या थरांत.

हें मी मुद्दाम सांगतों, कारण आमच्या समितींत यावरून दोन मतें पडलीं आहेत. एका थोर जमीनदार दात्यानें मोठी रक्कम देऊं केली आहे. अट एवढीच कीं ती दोन गांवांत बोअर घेण्यासाठींच खर्च व्हावी. त्यांचा हेतु निर्मळ आहे. परंतु कातळांतील भेग ही कोणा एकाच्या मालकीची नसते. एकाचा बोअर खोल गेला कीं शेजाऱ्याची विहीर आटते, मग शेजारी त्याहून खोल जातो, आणि भेगेंत नवें पाणी तर कोणींच भरलेलें नसतें. ती रक्कम समितीनें अद्याप घेतलेली नाहीं. अट बदलावी अशी त्यांस माझी या पानांतून जाहीर विनंति आहे.

बदलून काय करावें, याचा दाखला पुरंदर तालुक्यांतच आहे. १९७२ च्या दुष्काळांत पुण्याचे कारखानदार विलासराव साळुंखे तिकडे गेले, आणि नायगांव येथें त्यांनीं देवस्थानची ४० एकर उजाड जमीन दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यानें घेतली. उतारावर बांध घातले, खालीं पाझर तलाव केला, आणि तलावाच्या खालच्या अंगास विहीर खणली. मुरूम पाणी धरीत नाहीं हा त्याचा दोष खरा. पण वर पाणी अडविलें तर तोच मुरूम तें सावकाश खालीं पोंचवितो, आणि पावसाळा संपल्यावर तें विहिरींत उतरतें. एका हंगामांत जी गळती वाटते ती दुसऱ्या हंगामाची ठेव होते. पुढें पाणी पंचायतीनें त्या पाण्याचा वांटा जमिनीवर न ठेवतां माणसांवर ठेवला : माणशीं अर्धा एकर, कुटुंबास फार तर अडीच एकर, भूमिहीनासही हक्क, आणि ऊस वर्ज्य. वकिलीच्या धंद्यांत पाण्याचे तंटे पुष्कळ पाहिले. इतका साधा तोडगा क्वचित् पाहिला.

टँकर आणि चारा-छावणी यांवरील खर्च समितीस टाळतां येणार नाहीं. तहान व भूक थांबत नाहींत. तथापि यापुढें जमा होणाऱ्या रकमेचा एक भाग माळावरील बांध, पाझर तलाव व गवताचें बीं यांकडे लावावा असा ठराव मी मांडणार आहें. नव्यानें पेरलेला माळ दोन पावसाळे चराईस बंद ठेवावा लागतो; त्या काळांत धनगर व अल्प जमीनधारक यांच्या जनावरांस लागणारा चारा आपणच पुरविला पाहिजे, नाहींतर ही बंदी त्यांच्यावर जुलूम ठरेल, आणि ती पाळलीही जाणार नाहीं. ज्या दात्यांस हें काम पसंत असेल त्यांनीं रक्कम देतेवेळीं पावतीवर "माळाकरितां" एवढा शब्द लिहवून घ्यावा. ती निराळ्या खातीं जमा होईल, व तिचा हिशेब टँकरच्या हिशेबांत न मिसळतां पुढील अहवालांत गांववार छापला जाईल.