पेशीतील ‘ध’ चा ‘मा’

इ. स. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘धरावे’ अशी मूळ आज्ञा असता आनंदीबाईंनी तिचे ‘मारावे’ केले, अशी आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, ‘ध’ चा ‘मा’ हा वाक्प्रचार मराठीत कायमचा रुजला. एका अक्षराने प्राणावर कसे बेतते, हे आम्ही त्यातून शिकलो. सजीवांच्या देहातही असाच प्रकार घडतो, हे विसाव्या शतकातील विज्ञानाने दाखवून दिले.

आपल्या बहुतेक पेशींच्या केंद्रकात डीएनए नावाचा लांबलचक रेणू असतो. ए, टी, जी आणि सी या चारच रासायनिक अक्षरांत त्यावर देहरचनेचा मजकूर लिहिलेला असतो. त्यातील प्रत्येक शब्द तीन अक्षरी. म्हणून एकंदर शब्द होतात ६४. पैकी ६१ शब्द २० अमिनो आम्लांचे निदर्शक आहेत. उरलेले ३ पूर्णविरामाचे काम करतात. या मजकुराची आरएनए नावाची नक्कल तयार होते. तीत ‘टी’ च्या जागी ‘यू’ येतो. ही नक्कल केंद्रकाबाहेर रायबोसोमकडे जाते. तेथे तीन-तीन अक्षरे वाचली जाऊन माळेत मणी ओवावेत तशी अमिनो आम्ले जोडली जातात व प्रथिन सिद्ध होते. जिवाणूपासून मानवापर्यंत, थोडे अपवाद वगळता, हा शब्दकोश एकच आहे.

त्यातील पहिला शब्द, ‘यूयूयू’, निरेनबर्ग व मत्ताई यांनी १९६१ मध्ये उलगडला. पुढे अविभक्त पंजाबात जन्मलेल्या हरगोविंद खोराना यांनी ठराविक अक्षरक्रमाचे आरएनए प्रयोगशाळेत घडवून अनेक शब्दांचे अर्थ निश्चित केले. १९६८ चे नोबेल पारितोषिक खोराना, निरेनबर्ग व हॉली यांना मिळाले.

एकाच अमिनो आम्लाला बहुधा अनेक शब्द असल्याने पुष्कळ लेखनप्रमाद निरुपद्रवी ठरतात. सारेच मात्र नव्हेत. हिमोग्लोबिनच्या मजकुरात एका ठिकाणी ‘जीएजी’ चा ‘जीटीजी’ झाला की ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते. प्राणवायू कमी पडताच तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, सूक्ष्म रक्तवाहिन्या तुंबतात, असह्य वेदना होतात. हाच सिकलसेल आजार. विदर्भ, मध्य प्रदेश, छत्तीसगड व दक्षिण गुजरात या भागांत त्याचे रुग्ण आढळतात.

हा बदल मातापित्यांपैकी एकाकडूनच आला, तर मूल वाहक होते, पण सहसा निरोगी राहते. दोघेही वाहक असल्यास मात्र प्रत्येक अपत्याला हा आजार होण्याची शक्यता चारात एक असते. असे मूल जन्मले की पुष्कळ घरांत सुनेला बोल लावला जातो. तो सर्वस्वी अन्याय होय. कारण सदोष अक्षर दोन्ही घराण्यांतून आलेले असते आणि त्यात कोणाचाच अपराध नसतो. साध्या रक्ततपासणीने वाहक ओळखता येतो. म्हणून सुज्ञ वाचकांस आमची विनंती एवढीच, की विवाह ठरविताना पत्रिका अवश्य पाहावी. पण त्याआधी वधूवरांच्या रक्ताची अक्षरेही वाचून घ्यावीत.