विश्लेषण : हजार संगणक, एकच रांग! 'ग्रिड कम्प्युटिंग'मध्ये वेळेची हमी कोण देतो?

गोंदिया जिल्ह्यात जुलै उजाडला की धानाच्या रोवणीची लगबग सुरू होते. पऱ्हे तयार असतात, बांधीत पाणी साचण्याची वाट पाहिली जाते आणि मोबाइलवर पुन्हा पुन्हा हवामानाचा अंदाज उघडला जातो. पाऊस येणार असेल तर मजुरांना आजच सांगायचे, नसेल तर मोटार लावून चिखलणी करायची, असा हा रोजचा हिशेब. त्या अंदाजामागे पुणे आणि नोएडा येथील महासंगणक असतात. अंदाज कितीही अचूक असला, पण पाऊस पडून गेल्यावर हातात आला, तर त्याचा उपयोग शून्य. म्हणजे संगणकाची ताकद वाढवली की अर्धेच काम होते. ती ताकद अनेकांमध्ये वाटायची कशी आणि उत्तर ठरल्या वेळेत मिळेल याची हमी द्यायची कशी, हे उरलेले अर्धे काम. 'ग्रिड कम्प्युटिंग' हे तंत्रज्ञान याच अर्ध्या कामाशी गेली अनेक वर्षे झगडते आहे. त्याविषयी...

ग्रिड कम्प्युटिंग म्हणजे काय?

'ग्रिड' हा शब्द विजेच्या जाळ्यावरून घेतला आहे. तिरोडा येथील औष्णिक प्रकल्पात प्रत्येकी ६६० मेगावॉटचे पाच संच आहेत, म्हणजे एकूण ३,३०० मेगावॉट. तिथली वीज जाळ्यात जाते आणि घरातला पंखा नेमका कोणत्या केंद्राच्या विजेवर फिरतो, हे कुणी विचारत नाही. बटण दाबले की वीज मिळाली पाहिजे, एवढीच अपेक्षा असते.

संगणकाची ताकदही अशीच मिळावी, हा ग्रिड कम्प्युटिंगमागचा विचार. वेगवेगळ्या शहरांतल्या, वेगवेगळ्या संस्थांच्या मालकीच्या संगणकांना वेगवान नेटवर्कने जोडायचे आणि संशोधकाला ते एकाच मोठ्या संगणकासारखे वापरू द्यायचे. इयन फॉस्टर आणि कार्ल केसेलमन यांनी संपादित केलेल्या 'द ग्रिड' या १९९८ च्या पुस्तकामुळे ही कल्पना जगभर पोहोचली.

२००२ मध्ये फॉस्टर यांनी ग्रिड ओळखण्याच्या तीन कसोट्या मांडल्या. साधने एकाच मालकाच्या ताब्यात नसावीत, जोडणी सर्वांना खुल्या असलेल्या मानकांवर व्हावी आणि मिळणारी सेवा ठरावीक दर्जाची असावी. पहिल्या दोन कसोट्या अभियंत्यांनी बऱ्याच अंशी पार केल्या. खरी कसरत झाली ती तिसरीची.

भारतात हा प्रयोग झाला का?

झाला. १९९१ मध्ये डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 'परम ८०००' हा महासंगणक तयार करणाऱ्या पुण्याच्या 'सी-डॅक' या संस्थेने 'गरुडा' हा राष्ट्रीय ग्रिड उभारला. २००४ ते २००८ हा त्याचा प्रायोगिक टप्पा होता. त्यात १७ शहरांतील ४५ संस्था एकमेकींना जोडल्या गेल्या.

'गरुडा'वरचा एक महत्त्वाचा प्रयोग पुराशी संबंधित होता. विमानातून घेतलेल्या रडार प्रतिमांवर दूरच्या महासंगणकावर प्रक्रिया करायची आणि कुठला भाग पाण्याखाली आहे याची माहिती अहमदाबादच्या अवकाश उपयोग केंद्राला द्यायची, असे त्याचे स्वरूप होते. रडार ढगांच्या आडूनही जमीन 'पाहू' शकते, म्हणून भर पावसात त्याचा उपयोग होतो. मात्र पूर ओसरल्यावर नकाशा मिळाला तर बचाव पथकाने त्याचे करायचे काय? सेवेचा दर्जा म्हणजे काय, ते अशा कामातून कळते.

संगणकांचे वाटप कसे होते?

अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ गाढवी नदीवर इटियाडोह धरण आहे. त्याचे पाणी गोंदिया, भंडारा आणि गडचिरोली अशा तीन जिल्ह्यांतील शेतीला मिळते. धरण एक, मागणारे हजारो. अशा वेळी ज्याचे शेत कालव्याच्या तोंडाशी त्याने आधी भरून घ्यायचे म्हटले, तर टेलचा शेतकरी कोरडाच राहणार. म्हणून राज्यातील कालव्यांवर शेजपाळीची पद्धत आली. आधी पाणी अर्ज भरायचा, उपलब्ध पाणी पाहून मंजुरी मिळवायची आणि मग ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या तासांत पाणी घ्यायचे.

ग्रिडमधील 'शेड्युलर' ही संगणक प्रणाली जवळपास हेच करते. संशोधक आपले काम पाठवताना किती प्रोसेसर, किती मेमरी आणि किती तास लागतील हे लिहून देतो. हा त्याचा पाणी अर्ज. शेड्युलर ते काम रांगेत लावतो. कुणाला आधी सोडायचे याचे काही ठरलेले मार्ग आहेत.

पहिला मार्ग साधा : जो आधी आला, त्याचे काम आधी. दुसरा मार्ग वाट्याचा. एखाद्या संस्थेने गेल्या काही दिवसांत आपल्या वाट्यापेक्षा जास्त वापर केला असेल तर तिचे काम थोडे मागे सरकते. तिसरा मार्ग आगाऊ आरक्षणाचा. अमुक दिवशी दुपारी दोन ते पाच एवढे प्रोसेसर याच कामासाठी, असे रेल्वेच्या तिकिटासारखे राखून ठेवता येते.

चौथा मार्ग फट भरण्याचा. समजा, रांगेत पुढे असलेल्या मोठ्या कामाला ५०० प्रोसेसर हवेत, पण आता २०० च मोकळे आहेत आणि उरलेले तीन तासांनी मोकळे होणार आहेत. मग त्या तीन तासांत पूर्ण होईल असे मागचे छोटे काम मधल्या मध्ये उरकून घेतले जाते. मोठ्याची पाळी चुकत नाही आणि यंत्रही रिकामे राहत नाही. अट एकच, वेळेचा अंदाज खरा हवा. अनेक जण भीतीपोटी दोन तासांच्या कामाला दहा तास मागून ठेवतात. मग शेड्युलरचे गणित बिघडते आणि रांग सगळ्यांचीच लांबते.

मग हमी देणे इतके अवघड का?

पहिले कारण मालकी. वीज कुठलीही असो, तिचे युनिट सारखेच. शिवाय राज्यातील भार कोणी किती घ्यायचा हे सांगणारे भार प्रेषण केंद्र असते आणि त्याचा आदेश पाळावा लागतो. संगणकांच्या ग्रिडमध्ये प्रत्येक संस्थेचा शेड्युलर वेगळा असतो आणि त्याच्यावर एक 'मुख्य' शेड्युलर बसवलेला असतो. 'गरुडा'मध्ये नंतर 'ग्रिडवे' या प्रणालीने ही भूमिका पार पाडली. हा मुख्य शेड्युलर काम कुठे पाठवायचे ते ठरवतो, पण त्या संस्थेच्या यंत्रावर शेवटचा शब्द तिथल्याच व्यवस्थेचा असतो.

दुसरे कारण शिळी माहिती. कोणते केंद्र मोकळे आहे, ही माहिती मुख्य शेड्युलरकडे ठरावीक अंतराने येते. मधल्या काळात तिथे दुसरे मोठे काम सुरू झालेले असू शकते. 'रांग रिकामी' असे वाचून काम पाठवले जाते आणि तिथे पोहोचल्यावर ताटकळते.

तिसरे कारण डेटाची वाहतूक. गणना दहा मिनिटांची असली तरी तिच्यासाठी लागणाऱ्या फाइल दुसऱ्या शहरातून आणायला दोन तास लागत असतील तर मोकळ्या प्रोसेसरचा उपयोग नाही. म्हणून चांगला शेड्युलर कधी कधी मोकळा पण दूरचा संगणक सोडून, डेटा जिथे आहे तिथल्या रांगेत काम लावतो.

चौथे कारण बिघाड. शेकडो यंत्रे एकत्र चालतात तेव्हा त्यातले एखादे बंद पडणे ही रोजची बाब. त्यासाठी काम चालू असतानाच त्याची स्थिती अधूनमधून साठवून ठेवतात. यंत्र बंद पडले तर तिथूनच पुढे दुसऱ्या यंत्रावर सुरुवात करता येते.

सेवेचा दर्जा मोजतात कसा?

'सेवा चांगली आहे' हे वाक्य ग्रिडच्या जगात चालत नाही, आकडा लागतो. काम रांगेत किती वेळ थांबले, सुरू झाल्यापासून किती वेळात पूर्ण झाले, किती कामे अर्धवट पडली आणि सेवा वर्षभरात किती टक्के वेळ चालू होती, हे त्यातले मुख्य निकष. हे आकडे आधी ठरवून दोन्ही बाजूंनी जो करार होतो त्याला सेवा-पातळी करार म्हणतात.

याचे सर्वांत मोठे उदाहरण जिनिव्हाजवळच्या 'सर्न' प्रयोगशाळेचे. तेथील महाकाय कण प्रवेगकातून येणारा डेटा ४० हून अधिक देशांतील सुमारे १७० केंद्रांच्या ग्रिडवर साठवला आणि तपासला जातो. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि कोलकात्याचे व्हेरिएबल एनर्जी सायक्लोट्रॉन सेंटर ही त्यातील भारतीय केंद्रे. या ग्रिडच्या सामंजस्य करारात केंद्रांच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत आणि प्रत्येक पायरीची जबाबदारीही. मुंबईसारख्या दुसऱ्या पायरीच्या केंद्राने सरासरी ९५ टक्के वेळ उपलब्ध असावे, अशी अपेक्षा आहे.

९५ टक्के ऐकायला भरपूर वाटतात. हिशेब केला तर वर्षातले १८ दिवस सेवा बंद राहिली तरी करार मोडत नाही. ९९ टक्के म्हटले की बंद राहण्याची मुभा साडेतीन दिवसांवर येते आणि ९९.९ टक्क्यांना जेमतेम पावणेनऊ तासांवर. प्रत्येक वाढीव 'नऊ'साठी राखीव यंत्रे, दुसरी वीजजोडणी आणि रात्रपाळीची माणसे लागतात. दर्जाला किंमत असते, ती अशी.

हवामानाचा अंदाज ग्रिडवर का चालवत नाहीत?

काम कोणत्या प्रकारचे आहे, यावर ते ठरते. कणभौतिकीतील लाखो नोंदी स्वतंत्रपणे तपासता येतात. एक मुंबईत, दुसरी कोलकात्यात तपासली तरी बिघडत नाही. हवामानाचे तसे नाही. गोंदियावरचे ढग काय करणार हे शेजारच्या बालाघाट, राजनांदगाववरच्या हवेवर अवलंबून असते. त्यामुळे गणनेच्या प्रत्येक टप्प्यावर हजारो प्रोसेसरना एकमेकांशी सतत बोलावे लागते. ते दूरच्या शहरांत विखुरलेले असतील तर निरोप पोहोचण्यातच वेळ जातो.

त्यातच घड्याळाची सक्ती. म्हणून हवामानासाठी एकाच छताखालचे स्वतंत्र महासंगणक असतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ मध्ये 'प्रत्युष' आला, तर सप्टेंबर २०२४ मध्ये ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेच्या 'अर्क'चे लोकार्पण झाले. नोएडा येथे ८.२४ पेटाफ्लॉपचा 'अरुणिका' आहे. २६ मे २०२५ रोजी सुरू झालेली 'भारत फोरकास्ट सिस्टीम' देशाचा नकाशा सहा किलोमीटरच्या चौकोनांत विभागून अंदाज काढते. आधीचे चौकोन १२ किलोमीटरचे होते. 'प्रत्युष'वर ज्या गणनेला दहा तासांपर्यंत लागत, ती 'अर्क'वर सुमारे चार तासांत होते, असे संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्या वेळी सांगितले होते.

हे वाचलेले सहा तास शेतकऱ्यासाठी मोलाचे. पहाटे साडेपाचच्या निरीक्षणांवरचा अंदाज दुपारी चार वाजता मिळणे आणि सकाळी दहाच्या आत मिळणे, यात मजुरीचा एक दिवस असतो.

मग ग्रिड इतिहासजमा झाला का?

नाव मागे पडले, कल्पना टिकली. आज ज्याला 'क्लाउड' म्हणतात तिथे यंत्रे एका कंपनीच्या ताब्यात असतात, त्यामुळे हमी देणे सोपे जाते आणि ती पैसे घेऊन दिली जाते. २०१५ मध्ये मंजूर झालेल्या साडेचार हजार कोटी रुपयांच्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेत देशभरच्या संस्थांमध्ये यंत्रे बसवून ती राष्ट्रीय ज्ञान नेटवर्कने जोडण्याचे उद्दिष्ट ठेवले गेले. पुण्याच्या 'आयसर'मधील 'परम ब्रह्म' हा त्याच मोहिमेतला. मार्च २०२४ मध्ये मंजूर झालेल्या १०,३७२ कोटी रुपयांच्या 'इंडिया एआय' मोहिमेतही सामायिक प्रोसेसर संशोधक आणि नवउद्योगांना सवलतीत देण्याची तरतूद आहे. मर्यादित यंत्रे आणि वाढती रांग, हा प्रश्न तिथेही सुटत नाही.

ग्रिडचे लोकांच्या हातातले रूपही आहे. २००४ पासूनच्या 'वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड'सारख्या उपक्रमात कुणीही आपल्या संगणकाचा रिकामा वेळ वैद्यकीय संशोधनाला देऊ शकतो. इथे हमी अजिबात नसते, कारण मालक कधीही संगणक बंद करू शकतो. म्हणून एकच काम दोघा-तिघांना देऊन उत्तरे ताडून पाहण्याची पद्धत रूढ आहे.

सामान्य वापरकर्त्याचा याच्याशी संबंध काय?

पीक नोंदणी, विमा, धान खरेदीची ऑनलाइन नोंदणी, शिष्यवृत्तीचा अर्ज या साऱ्याच्या मागे सामायिक सर्व्हर असतात. शेवटच्या तारखेला स्क्रीनवर चक्र फिरत राहते आणि 'सर्व्हर डाउन'चा निरोप येतो, तेव्हा ती वाटपाचीच चूक असते. क्षमता सरासरी दिवसाची धरलेली असते आणि गर्दी शेवटच्या दिवसाची. त्यावर महागडी यंत्रे घेणे हाच इलाज नाही. तालुक्यांना वेगवेगळे दिवस वाटून देता येतात, अर्ज रांगेत घेऊन पोच लगेच आणि छाननी रात्री करता येते, नेटवर्क नसताना भरलेली माहिती नंतर आपोआप चढवता येते.

खासगी कंपनीशी करार करताना किती टक्के वेळ सेवा मिळेल हे लिहून घेतात. सरकारी ऑनलाइन सेवेबाबतही हा आकडा नागरिकांना दिसायला हवा : वर्षभरात किती तास बंद, गर्दीच्या दिवशी अर्जाला किती मिनिटे, आणि सेवा बंद राहिल्यास मुदत आपोआप वाढणार का? कालव्याच्या पाण्याची पाळी कधी, हे टेलच्या शेतकऱ्याला आधी कळते. सर्व्हरपुढे उभ्या असलेल्या शेवटच्या माणसालाही त्याची पाळी कळायला हरकत नसावी.