गिऱ्हाईक पुन्हा का येतं? सलूनच्या खुर्चीत दडलेलं धंद्याचं गणित

बेळगावच्या बहुतेक गल्ल्यांत दोन-तीन सलून जवळजवळ असतात. दर सारखाच, खुर्च्या आणि आरसेही सारखेच. तरी एक सलून रिकामं दिसत असताना माणूस ते ओलांडून पुढच्या सलूनमध्ये जातो आणि बाकावर पेपर वाचत नंबरची वाट बघतो. असं का? किराणा, कापड, मोबाईल किंवा हॉटेलचा धंदा करणाऱ्या प्रत्येकाने याचा विचार करायला हवा, कारण आता गिऱ्हाइकाच्या खिशातल्या फोनमध्येच शंभर दुकानं आहेत.

मुख्य कारण म्हणजे तिथं पुन्हा पुन्हा सांगावं लागत नाही. खुर्चीत बसलं की ‘नेहमीसारखंच ना?’ एवढंच विचारलं जातं. डोक्यावर भोवरा कुठे आहे, कल्ले किती ठेवायचे, कोणाच्या मानेवर ब्लेड फिरलं की पुरळ येतं, हे सगळं कारागिराच्या लक्षात असतं. दुसरीकडे गेलं की सगळं पहिल्यापासून सांगायचं, आणि एवढं करून कटिंग बिघडलं तर महिनाभर टोपी घालून फिरायचं! थोडक्यात, दुकान बदलण्याचा त्रास गिऱ्हाइकालाच होतो. ही गोष्ट इतर धंद्यांतही जमते. शिंप्याकडे मापाची वही असते, चष्मेवाल्याकडे जुना नंबर असतो, किराणावाल्याला कोणत्या घरात कोणता तांदूळ जातो हे माहीत असतं. ही माहिती नीट लिहून ठेवली तर वर्षाला एकदा येणारं गिऱ्हाईकही ओळखता येतं.

आपल्या भागात भाषेचाही मुद्दा आहे. इथला सलूनवाला एकाशी मराठीत, दुसऱ्याशी कन्नडमध्ये, तिसऱ्याशी हिंदी-उर्दूत बोलतो, तेही एकाच तासात. त्यासाठी त्याला कुणी परिपत्रक पाठवलेलं नाही. गिऱ्हाईक ज्या भाषेत मोकळं होतं, त्याच भाषेत तो बोलतो.

आता थोडा हिशेब करू. समजा कटिंगचे शंभर रुपये आहेत. चार आठवड्यांनी एकदा म्हटलं तर वर्षाला तेरा खेपा, म्हणजे १,३०० रुपये. बापाबरोबर दोन मुलं आली की ३,९०० आणि दहा वर्षांत ३९,००० रुपये. दहा-वीस रुपयांच्या सुट्ट्यावरून वाद घालणारा दुकानदार एवढ्या रकमेवर पाणी सोडत असतो. लहान मूल रडलं, हललं, तरी जाणता कारागीर वैतागत नाही, कारण ते पुढच्या वीस वर्षांचं गिऱ्हाईक असतं.

याला काही जण जुन्या बलुत्याची पुण्याई म्हणतात. मला ते पटत नाही. न्हावी बारा बलुतेदारांपैकी एक होता आणि वर्षभराच्या कामाचं धान्य त्याला सुगीला मिळायचं. पण तिथं घरं ठरलेली, काम ठरलेलं. न्हाव्याला काम सोडता येत नव्हतं आणि गावकऱ्याला न्हावी बदलता येत नव्हता. शिवाय दलितांना तो वस्तरा लागत नसे, आणि अशा तक्रारी आजही अधूनमधून येतात. ज्याला पर्यायच नाही त्याच्या येण्याला निष्ठा कसं म्हणायचं?

खरी परीक्षा झाली ती २०२० मध्ये. लॉकडाऊनमध्ये सलून बंद झाली. कर्नाटकात ती मे महिन्यात उघडली, महाराष्ट्रात २८ जूनला, तीही केस कापण्यासारख्या मोजक्याच कामांसाठी. दाढीला तेव्हा परवानगी नव्हती. घरच्या घरी मशीन फिरवून वेळ काढलेले लोक पुन्हा आपल्याच सलूनवाल्याकडे गेले. भीतीच्या त्या दिवसांत ओळखीच्या हाताला महत्त्व होतं. नवा टॉवेल, नवं ब्लेड समोर फोडून दाखवणं, वेळ ठरवून बोलावणं, हे ज्यांनी केलं त्यांच्यावरचा विश्वास वाढला.

या धंद्याची एक दुखरी बाजूही आहे. गिऱ्हाईक बऱ्याचदा दुकानाचं नसतं, कारागिराचं असतं. तो दोन गल्ल्या सोडून नवं दुकान टाकतो आणि त्याची माणसं त्याच्यामागे जातात. म्हणून बरेच सलूनमालक कारागिराला पगाराऐवजी टक्केवारी देतात, म्हणजे खुर्ची जेवढी चालेल तेवढा वाटा. आपल्याकडच्या कापड दुकानांत मात्र वीस वर्षं घराघरांची आवड लक्षात ठेवणारा सेल्समन अजून ठरावीक पगारावरच असतो. दिवाळीत बोनस म्हणून त्याच्या हातात मिठाईचा पुडा ठेवणाऱ्या मालकांनी निदान त्याच्या विक्रीवर एक-दोन टक्के बांधून द्यायला काय हरकत आहे?