आधी दरवाजानं ओळख पटवायची

२४ मार्च २०२३, शुक्रवार. सकाळी साडेदहाच्या सुमारास गिटहबनं, म्हणजे प्रोग्रामर जिथं आपला कोड ठेवतात त्या संकेतस्थळानं, आपल्या सर्व्हरची आरएसए किल्ली बदलली. तिचा गुप्त भाग थोडा वेळ एका सार्वजनिक रिपॉझिटरीत उघडा पडला होता. अमेरिकेत तेव्हा रात्र, युरोपात पहाट, आपल्याकडे ऐन कामाची वेळ. लोणावळा लोकलनं पुण्यात उतरलेला प्रोग्रामर असो की तळेगावात घरूनच काम करणारा, ज्याच्या संगणकात जुनी किल्ली नोंदलेली होती, त्याला कोड पाठवताना इशारा मिळणार होता: पलीकडच्या यंत्राची ओळख बदलली आहे, कुणी मध्ये बसून ऐकत असेल!

मला हा इशारा फार सुंदर वाटतो. लोहगड चढताना गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे चार दरवाजे ओलांडावे लागतात. गडाच्या दरवाजात ओळख पटवायची ती येणाऱ्यानं. एसएसएच या संगणकांच्या सुरक्षित जोडणीत आधी दरवाजाच आपली ओळख पटवतो, आणि संगणक ती जुन्या नोंदीशी ताडून पाहतो. ताळा जुळला नाही की तो थांबतो. अशा वेळी घाईनं जुनी नोंद पुसू नये. गिटहबनं स्वतःच्या संकेतस्थळावर छापलेला किल्लीचा ठसा आधी अक्षर न् अक्षर जुळवावा, मगच नवी किल्ली स्वीकारावी.

मग पाळी आपली. इथं तर गणिताची कमालच आहे. प्रत्येक जोडणीत एक नवा, त्याच जोडणीपुरता आकडा तयार होतो. आपला लॅपटॉप खासगी किल्लीनं त्यावर सही करतो आणि सर्व्हर ती सही सार्वजनिक किल्लीनं तपासतो. खासगी किल्ली लॅपटॉपबाहेर पडतच नाही. पासवर्ड मात्र जाळ्यावरून जातो: १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात जाळ्यावरून पासवर्ड चोरले गेले, म्हणून तिथल्या तातू युलोनेननं एसएसएच लिहिलं.

ही सही पटली नाही आणि ‘परमिशन डिनाइड (पब्लिककी)’ दिसलं तर घाबरू नका. दरवाजापर्यंत तुम्ही नीट पोचलात, अडलंय ते तुमच्या सहीपाशी. सार्वजनिक किल्ली खात्यात टाकायची राहिली असेल किंवा संगणक भलतीच किल्ली पुढे करत असेल. एसएसएचच्या आज्ञेला ‘-व्ही’ जोडलं की तो कोणती किल्ली दाखवतोय ते ओळीओळीनं सांगतो. लोणावळ्याच्या एखाद्या हॉटेलच्या वायफायवर मात्र काहीच उत्तर न येता जोडणी नुसती लटकली, तर किल्लीला हात लावू नका. बहुधा तिथं एसएसएचचं २२ क्रमांकाचं पोर्ट बंद असतं. गिटहब हेच काम ४४३ वरूनही करू देतं.